नलिनीताईंचा डावा खांदा

ऑफिसात नवीन अशील येऊन बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. "लस घेतली त्या दिवशी अंगात काय होतं?"

माणसं बावचळायची. वकिलाकडे जायचं म्हणून तारखा पाठ करून, कागदांची फाइल लावून आलेली असायची, आणि ही बाई कपडे विचारतेय. कॉव्हेंट्रीचा एक बसड्रायव्हर पुढच्या खेपेला त्या दिवशीचा लोकरी जंपरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आला, न धुतलेला. "एव्हिडन्स," म्हणाला. वर्षभर तो माझ्या कपाटात होता. केस मिटल्यावर मी जंपर परत केला, तेव्हा त्याने तो माझ्यासमोरच डोक्यातून घातला. दोन्ही हात बाह्यांतून नीट बाहेर आले हे मला दिसावं म्हणून, दुसरं काही नाही. अशा दिवशी मला माझं काम फार आवडायचं.

कपडे का विचारायचे, ते सांगते. दंडावरची लस खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, भरल्या स्नायूत द्यायची असते. त्यासाठी बाही खालून वर गुंडाळावी लागते, नाहीतर हात बाहीतून पूर्ण बाहेर काढावा लागतो. पण थंडीचे दिवस, अंगात जाड कपडे, मागे रांग. मग लस देणारा घाईघाईत गळ्याकडून कपडा खाली ओढतो आणि जेवढा खांदा उघडा पडेल तेवढ्यात सुई टोचतो. सुई लागते वर. औषध स्नायूत जाण्याऐवजी सांध्याला लागून असलेल्या नाजूक पिशवीत जातं आणि तिथे सूज धरते. लशीनंतर दंड एक-दोन दिवस सगळ्यांचाच दुखतो. हे दुखणं मात्र जात नाही. हात आधी वर जायचा थांबतो, मग मागे जायचा थांबतो, आणि कधीकधी तसाच राहतो.

लगेच एक खुलासा करून टाकते, नाहीतर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर माझ्या नावाने भलतंच काहीतरी फिरेल. मी लशीच्या विरोधात नाही. दर ऑक्टोबरला फ्लूची लस घेते, कोटाच्या आत बिनबाह्यांचा ब्लाउज घालून. फार्मसीतली मुलगी हसते. हसू दे.

लशीने नुकसान झालेल्यांसाठी इथे इंग्लंडात सरकारी योजना आहे, पण तिचा उंबरठा साठ टक्के अपंगत्वाचा. खांदा कितीही दुखला तरी माणूस साठ टक्के अपंग ठरणं कठीण. म्हणून आमच्या अशीलांना दुसऱ्या वाटेने जावं लागतं: लस देणाऱ्याने निष्काळजीपणा केला आणि दुखणं त्यातूनच आलं, या दोन्ही गोष्टी सिद्ध करायच्या. पहिली एक वेळ जमते. दुसरीत घोडं अडतं. दुखणं टोचल्याबरोबर सुरू झालं असेल तर दोष सुईचा. महिन्या-दोन महिन्यांनी झालं असेल तर दोष वयाचा, मधुमेहाचा, बागकामाचा, कशाचाही. आणि "टोचल्याबरोबर" याचा पुरावा म्हणजे जीपीच्या, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरच्या, कॉम्प्युटरवरची दोन ओळींची नोंद.

इथे आपली माणसं मार खातात. या देशातल्या मराठी घरांमध्ये डॉक्टर किती, हे वेगळं सांगायला नको. घरात डॉक्टर असला की घरातलं कोणी जीपीकडे जात नाही. ताप आला, नवरा बघेल. गुडघा सुजला, दीर बघेल. मुलाचा घसा, जेवणाच्या टेबलावर चमच्याने जीभ दाबून. इतर अशीलांच्या जीपीकडच्या फायली जाडजूड यायच्या, आपल्या माणसांच्या दोन पानी. जणू आयुष्यात कधी शिंकलीच नाहीत.

नलिनीताईंची फाइल अशीच दोन पानी होती. नावं बदलली आहेत आणि दोघांची परवानगी घेतली आहे. केस आम्ही जिंकलो, म्हणजे इन्शुरन्सवाल्यांनी कोर्टात जाण्याआधीच तडजोड केली, हेही आत्ताच सांगून ठेवते. मला सांगायचंय ते निराळंच आहे.

डॉ. सबनीस आणि नलिनीताई लंडनच्या पिनर भागात, लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. डॉक्टरांची सगळी नोकरी कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात झाली, वृद्धांच्या विभागात. त्या काळात आपल्या लोकांना हाच विभाग मिळायचा, कारण गोऱ्या डॉक्टरांना तो नको असायचा. यांनी त्याचं सोनं केलं. यांच्या क्लिनिकला म्हाताऱ्या बायका लिपस्टिक लावून येत, असं ते स्वतःच कौतुकाने सांगत. "कारण काय माहितीये, वर्षाताई? मी ऐकून घ्यायचो. निम्मं औषध तेच असतं."

माझ्या ईलिंगच्या ऑफिसात ते तणतणतच आले. मेडिकल जर्नलमधला एक लेख त्यांच्या हाती लागला होता. तो वाचून त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की बायकोचा सहा महिने आखडलेला खांदा वयामुळे नाही, फार्मसीत घेतलेल्या फ्लूच्या लशीमुळे आखडला आहे. लेखात त्यांनी हिरव्या पेनाने खुणा केल्या होत्या.

"धिस इज प्लेन निग्लिजन्स," ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "त्या पोराने हिच्या कुर्त्याचा गळा असा खाली ओढला आणि वरच टोचलं. पडदासुद्धा नीट लावला नव्हता. ही कशी हात बाहेर काढणार?"

त्या दिवशी मी जी चूक केली, ती आठवली की अजून माझा मलाच राग येतो. मी विचारलं, दुखायला कधी लागलं? उत्तर डॉक्टरांनी दिलं. कोणत्या हालचाली जमत नाहीत? उत्तर डॉक्टरांनी दिलं, हात किती अंशात अडकतो त्या आकड्यांसकट. मी "डॉक्टर, तुम्हीच सांगा" असं म्हणत गेले आणि ते सांगत गेले. नलिनीताई मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. खिडकीतल्या कुंडीला पाणी हवंय, असं त्या एकदा म्हणाल्या. पाऊण तासात तेवढंच. माझ्या जागी एखादी इंग्लिश मुलगी असती, तर तिने डॉक्टरांना गोड बोलून बाहेर बसवलं असतं. मी त्यांना दुसरा चहा दिला. समोर बाई बसली असताना तिचं दुखणं तिच्या नवऱ्याला विचारायचं, तेही इतकी वर्षं हीच वकिली करून! घरात वडीलधारा डॉक्टर बोलत असला की आपण गप्प बसायचं, हे वळण माझ्या अंगात माझ्या डिग्रीपेक्षा जुनं होतं.

आम्ही फार्मसीला पत्र पाठवलं. चार महिन्यांनी फार्मसीच्या इन्शुरन्सवाल्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. लस ऑक्टोबरमध्ये घेतली. खांदेदुखीची पहिली नोंद मार्चमध्ये. मधले पाच महिने काहीच नाही. मार्चमध्ये लेकीने हट्टाने जीपीकडे नेलं, तेव्हाच्या नोंदीतही पेशंटचे शब्द होते, "नॉट टू बॅड." इतकी वर्षं इंग्लंडात काढल्यावर "कशा आहात" या प्रश्नाला हेच उत्तर तोंडात बसतं, मरणाच्या दारातसुद्धा. आणि शेवटची ओळ अशी होती: पेशंटचे पती स्वतः अनुभवी डॉक्टर आहेत, वेदना पहिल्या दिवसापासून असत्या तर त्यांनी नक्कीच दखल घेतली असती.

मी ती ओळ डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवली. पलीकडून फोन बंद झाला. त्यांनी फोन ठेवला की लाइन कट झाली, हे मला कळलं नाही.

मग मी शहाणपणा केला आणि नलिनीताईंना एकट्यांनाच बोलावलं. लेक त्यांना सोडून गेली. त्यांनी आधी त्या कुंडीला पाणी घातलं, उजव्या हाताने. मग बसल्या.

"त्या दिवशीचं सांगू?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी कुर्ता काढायला गेले आणि हात अर्ध्यातच अडकला. डोकं कपड्यात, हात वर. ओरडले मी. यांना हाक मारली. हे म्हणाले, सोअर आर्म आहे, दोन दिवसांत जाईल. मीही तेच म्हटलं. यांना कळतं ना."

"मग?"

"मग पाचव्या दिवशी सांगितलं. तेव्हा भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम दिला. दुसऱ्या आठवड्यात सांगितलं, तर म्हणाले, फ्रोझन शोल्डर, तुझ्या वयाला होतंच. तिसऱ्या आठवड्यात एकदा सांगितलं. मग नाही सांगितलं."

"का?"

"एकच गोष्ट किती वेळा सांगायची गं? आपल्यालाच कंटाळा येतो."

मी लिहून घेत होते. लेखी साक्ष घेताना आम्ही रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी विचारतो, कारण न्यायाधीशाला दुखणं दिसत नाही, दुखण्याने काय बंद पडलं ते दिसतं. मी विचारलं, काय बंद पडलं? डाव्या कुशीवर झोपणं, म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या डाव्या कुशीवर झोपत, यांच्याकडे तोंड करून. आता पाठ करून झोपतात. वरच्या फळीवरचे डबे खाली आले. मग त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि थोडं हसल्या.

"आणि केस."

त्यांचे केस कानाखाली सरळ कापलेले होते. छान दिसत होते. मला वाटलं होतं, त्यांची हौस.

"माझे केस कमरेपर्यंत होते, वर्षा. रोज अंबाडा. अंबाड्याला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. तीन आठवडे एका हाताने काहीतरी केलं. वेणीसुद्धा जमेना. शेवटी हाय स्ट्रीटवरच्या पार्लरमध्ये गेले. ती पोलिश मुलगी तीनदा विचारत होती, शुअर? शुअर? मी म्हटलं, यस यस, चेंज."

"डॉक्टरांना सांगितलं नाहीत?"

"घरी आले तर खूश झाले. म्हणाले, अरे वा, दहा वर्षांनी लहान दिसतेस. आता त्यावर काय सांगायचं?"

मी पेन खाली ठेवलं. माझ्या कामात रडायचं नसतं आणि मी सहसा रडत नाही, पण त्या दिवशी मला वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुवावं लागलं.

साक्षीचा मसुदा मी त्यांना पोस्टाने पाठवला. वाचा, चूक असेल तर खूण करा, सही करून परत द्या. आणि नलिनीताईंनी तो वाचून डॉक्टरांना दिला, इंग्रजी तपासायला. कौन्सिलचं पत्र असो की बँकेचं, त्यांचा इंग्रजी कागद आजवर डॉक्टरांच्या हिरव्या पेनाखालून गेल्याशिवाय कधी घराबाहेर पडला नव्हता. हा कागद त्यांनी सवयीने दिला की मुद्दाम दिला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मसुदा परत आला तेव्हा त्यावर एकही हिरवी खूण नव्हती.

आठवड्याने डॉक्टर एकटेच आले. तणतण नव्हती. म्हणाले, "मलाही स्टेटमेंट द्यायचंय. शी टोल्ड मी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मला तेच हवं होतं, पण मागायचा धीर होत नव्हता. बायकोच्या बाजूने नवऱ्याने दिलेल्या साक्षीला तसं वजन नसतं. मात्र माणूस स्वतःच्या विरुद्ध जे लिहितो, त्यावर समोरचा वकीलही विश्वास ठेवतो. नामांकित डॉक्टरने लिहून द्यायचं, की बायको पहिल्या संध्याकाळपासून सांगत होती आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही. उपचार उशिरा झाले त्याला तेही जबाबदार, असा मुद्दा समोरून निघणार होताच. मी त्यांना तेही सांगितलं. ते म्हणाले, "तो मुद्दा बरोबरच आहे."

पहिला मसुदा त्यांनी हॉस्पिटलच्या डिस्चार्ज समरीसारखा लिहिला. "पेशंटने डाव्या खांद्यात वेदना असल्याचे सांगितले." मी तो परत दिला. म्हटलं, "डॉक्टर, पेशंट कोण? बायकोचं नाव लिहा." दुसरा मसुदा यायला तीन आठवडे लागले.

तो येऊन माझ्या टेबलावर पडला त्याच दिवशी नलिनीताईंचा फोन आला.

"वर्षा, ते यांचं काही पाठवायचं नाही."

"नलिनीताई, त्यावर सगळी केस उभी आहे."

"मग राहू दे केस. तीन आठवडे हे जेवले नाहीत नीट. कॉव्हेंट्रीचे लोक अजून यांना ख्रिसमसला कार्डं पाठवतात. त्या म्हाताऱ्यांच्या मुली पाठवतात, आईचं ऐकून घेतलंत म्हणून. हजारो बायकांचं ऐकलं गं यांनी. एक माझं राहिलं. तेवढं कागदावर यायलाच हवं का?"

मी कोड्यात पडले. कायद्याने माझ्या अशील त्या. त्या नाही म्हणाल्या तर नाही, मग त्या कागदात कितीही जोर असो. समोरच्या वकिलाला उत्तर द्यायची मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते. त्या कागदाशिवाय दावा लावला तर आम्ही हरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दोघांनाही मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं.

डॉक्टर आले ते बोलतच. "वर्षाताई, हिला समजवा. आय हॅव थॉट अबाउट इट. हे पाठवलंच पाहिजे. ही ऐकतच नाही."

या वेळी मात्र मी चूक केली नाही. "डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्या अशील या आहेत. मला नका सांगू. त्यांना विचारा."

ते गोंधळले. इतकी वर्षं अनोळखी बायकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेला माणूस, पण आता खुर्ची कशी वळवायची तेच त्यांना सुचेना. शेवटी ते तिरके बसले.

"नलू, तुला काय हवंय?"

नलिनीताई पर्सचा बंद चाळवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही काय लिहिलंय ते मी वाचलंच नाहीये. हिंमत झाली नाही. वाचून दाखवा. मराठीत सांगा पण. ते कोर्टाचं इंग्रजी नको मला."

मी उठून बाहेर जायला लागले तर त्यांनी मला हातानेच बस म्हटलं. डॉक्टरांनी चष्मा लावला. एक-एक इंग्रजी वाक्य डोळ्यांखालून घालायचं आणि मराठीत सांगायचं, असं सुरू झालं. वॉर्डात मोठ्या आवाजात बोलायची सवय असलेला माणूस, पण मला पुढे झुकून ऐकावं लागत होतं.

"लस घेतली त्या दिवशी संध्याकाळी माझी बायको नलिनी आतल्या खोलीत ओरडली. मी टीव्ही बघत होतो. मी उठलो नाही. बसूनच सांगितलं की..."

"टीव्ही नव्हता," नलिनीताई म्हणाल्या. "पेपर वाचत होता तुम्ही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन पुढे केलं. त्यांनी टीव्ही खोडून पेपर लिहिलं आणि पुढे वाचू लागले. पाचवा दिवस. भिंतीवरचा व्यायाम. दुसरा आठवडा. "तिचा हात मी एकदाही हातात घेऊन तपासला नाही. एखाद्या पेशंटच्या बाबतीत असं केलं असतं तर मला स्वतःची लाज वाटली असती." ते थांबले. पाणी प्यायले. "तिसऱ्या आठवड्यानंतर तिने सांगणं बंद केलं. मला वाटलं, बरं वाटतंय. तिने केस कापले. मी म्हटलं, छान दिसतेस. का कापले, हे मी विचारलं नाही. हे मला तिच्या साक्षीतून कळलं, एका वर्षाने. माझ्या घरात काय दुखत होतं, ते मला माझ्या बायकोच्या वकिलाच्या कागदातून कळलं."

पुढे अजून एक परिच्छेद होता, पण तो त्यांना वाचता येईना. कागद टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा काढला. मी खिडकीबाहेर बघू लागले. माझेही डोळे भरले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

नलिनीताईंनी उजवा हात पुढे करून तो कागद आपल्याकडे ओढला, राहिलेला परिच्छेद मनातल्या मनात वाचला, आणि कागदाची घडी सरळ करून माझ्यासमोर ठेवला.

"आता नाही पाठवलंस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "आणि पाठवायचं असेल तर पाठव."